भुवई

फॉर्मवर रकाना होता: कर्मचाऱ्याला इजा.
मी ‘नाही’समोर खूण केली.
खरंच नव्हती. साधं खरचटलंही नव्हतं.
घास अडकला होता फर्गसच्या घशात,
जर्दाळूचं पुडिंग, नीट घोटलेलं, तरीही,
आणि निळा पडला होता तो.
मी फक्त पट्टे सोडले, त्याला पुढे वाकवलं,
पाठीवर थापा मारल्या, पाच, पुन्हा पाच,
तासी, लुआ, तोलू, फा, लिमा,
सामोअन आकडे, या घरात
मी कधीच न उच्चारलेले.

तो वाचला. सगळे म्हणाले, शाबास इओआने.
त्याची बहीण गोरहून चीज रोल घेऊन आली,
ऑफिसच्या ईमेलमध्ये टाळ्यांचं चित्र होतं.
फर्गस तर तिसऱ्याच दिवशी
हावरटासारखा पुडिंगकडे बघत होता.
सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.
माझा कुठे पडला, कोणी विचारलं नाही.
मीही शोधला नाही.

एप्रिल गेला. मे गेला.
इन्व्हरकार्गिलचे रस्ते रुंद आहेत,
दक्षिणेचा वारा त्यांतून मालकासारखा चालतो.
घरी मुलगी जेवायला बसली
की मी तिच्या गळ्याकडे बघतो.
एक घोट. उतरला. दुसरा.
‘बाबा, असं नको ना बघू.’
रात्री दोनला उठून तिचा श्वास ऐकतो.
मला स्वतःला भात गिळवत नाही, सूप पितो,
कामावर सांगतो, वजन कमी करतोय.

हिनेवाईने ओळखलं.
आमची समन्वयक. बारा घरं आणि कंबरेला पट्टा.
बोलली काही नाही,
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढून उलटं केलं,
मागच्या नंबरवर नखाने टकटक केली.
‘तीन वेळा फुकट.
कोण बोललं, काय बोललं, ऑफिसला कळत नाही.
मी पाचदा बोललेय. वरचे दोन मागून घेतले.’

व्हॅनमध्ये बसून लावला फोन.
मागे खुर्चीचे रिकामे हुक वाऱ्याने किणकिणत होते.
बर्निस नाव तिचं.
पहिली वीस मिनिटं मी फर्गसबद्दलच बोललो,
त्याचं रग्बी, त्याचे लाल मोजे,
हसू आधी खांद्यात येतं आणि मग चेहऱ्यावर, ते.
तिने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, ‘आणि तू? तुला भीती वाटते का?’

मी भुवया उचलल्या.

आमच्या बेटावर ‘हो’ असंच म्हणतात.
फर्गसचंही ‘हो’ हेच.
नऊ वर्षं आमचा संसार या एका ‘हो’वर चाललाय.
चहा? भुवया. खिडकी उघडू? भुवया.
पहिल्या दिवशी बाकीचे त्याला विचारत होते, म्हणजे काय?
मी विचारलं नव्हतं.

फोनवर शांतता.
‘इओआने? आहेस ना?’
मी पुन्हा उचलल्या.
काचा धुरकटल्या होत्या,
वरच्या छोट्या आरशात एक माणूस
हो हो म्हणत होता
आणि ते कुठेच पोचत नव्हतं.

‘हो,’ म्हणालो मग. तोंडाने.
केवढा शब्द. अडकलेल्या घासासारखा वर आला.
‘हो. वाटते.’

बरं वाटलं का म्हणाल,
तर दोन फोन झालेत, एक राखून ठेवलाय.
बर्निसने जादू वगैरे केली नाही.
तो फॉर्म अजून दुरुस्त करता येतो, एवढं सांगितलं.
पगार तोच. रविवारची दोघांची पाळी
अजून मी एकटाच ओढतो.
काल मात्र अर्धी वाटी भात गेला.

आज भरवताना चमचा मधेच थांबला.
फर्गसने माझ्या हाताकडे बघितलं,
मग माझ्याकडे, खूप वेळ.
तो विचारतोय, हे कळायला नऊ वर्षं लागतात.

‘अजून नाही,’ मी म्हणालो.

त्याने भुवया उचलल्या.
आणि मग, पुडिंगकडे नजर.